सोनचाफ्याची नवी पालवी पिवळी, कळ्या मटाराएवढ्या होऊन गळतात (पुणे, गच्चीतली कुंडी)

गच्चीकर

नमस्कार मंडळी. पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या उघड्या गच्चीत सोनचाफ्याचं कलम आहे. नर्सरीने वेलणकर जात म्हणून दिलं. उंची साडेतीन फूट, कुंडी १४ इंची प्लॅस्टिकची. लावताना पिशवीतला लाल मातीचा गड्डा तसाच ठेवला आणि भोवती काळी माती व शेणखत निम्मं निम्मं भरलं. सकाळी नऊ ते दुपारी चार ऊन. रोज एक मग पाणी. ते सोसायटीच्या टाकीतलं, म्हणजे बोअर आणि टँकर एकत्र. अधूनमधून आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणीही घालतो.

लक्षणं अशी आहेत. नवी पानं फिकट पिवळी, पण शिरा हिरव्या. जुनी पानं हिरवी आहेत, मात्र टोकाकडून तपकिरी होऊन कडेकडेने वाळतात. कळ्या धरतात, मटाराएवढ्या होतात आणि हात लावला की गळतात. दिवाळीनंतर एकही फूल उमललेलं नाही.

आतापर्यंत दिलेली खतं: १९:१९:१९ महिन्याला एकदा, बोनमील दोनदा, अंड्याच्या टरफलांचा चुरा, अर्धा चमचा हिराकस (फेरस सल्फेट) मातीत, दर आठवड्याला आंबट ताक. फरक शून्य.

आता फेब्रुवारी अर्धा झालाय. कुंडी लगेच बदलावी की जूनपर्यंत थांबावं? लोह द्यायचं तर कोणत्या रूपात? आणि कळीगळतीवर वेगळं औषध असतं का?

माती_पाणी

कळीगळतीचं औषध शोधू नका. तिन्ही लक्षणांचं मूळ कुंडीत आणि पाण्यात आहे, आणि तुमच्या खतांच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी ते वाढवतायत.

आधी पानांचं बघू. पिवळेपणा कुठून सुरू होतो यावर निदान ठरतं. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी आणि सरसकट पिवळी होतात. मॅग्नेशियम कमी असेल तरी सुरुवात जुन्या पानांपासूनच, पण शिरांच्या मधल्या भागात. नवी पानं पिवळी आणि शिरांची हिरवी जाळी स्पष्ट, हे लोहाच्या कमतरतेचं चित्र आहे. लोह झाडात जुन्या पानांकडून नव्यांकडे फारसं सरकत नाही, म्हणून उपाशी राहतो तो शेंडा.

पण याचा अर्थ मातीत लोह नाही असा नव्हे. काळ्या मातीत लोह भरपूर असतं. पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप) ७.५ च्या वर गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकतं, मुळांना उचलता येत नाही. सोनचाफ्याला किंचित आम्ल, ५.५ ते ६.५ पीएचची, निचऱ्याची माती लागते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत तो खताशिवाय तरारतो आणि देशावर खत घालून रुसतो, त्याचं कारण हेच.

हिराकस मातीत टाकून उपयोग का झाला नाही? चुन्याच्या मातीत त्यातलं लोह काही दिवसांत गंजाच्या रूपात बसून जातं. बोनमील आणि अंड्याची टरफलं तर चुनाच. शिवाय बोनमीलमधला स्फुरद लोहाला बांधतो. दोन्ही आजपासून बंद. चुलीची किंवा उदबत्तीची राखही नको. ताकाने अपाय होत नाही, पण कुंडीभर चुन्यापुढे त्याचा आंबटपणा किती पुरणार? वर बुरशीचा थर आणि मुंग्या मात्र येतात.

टोकं जळतात ती क्षारांमुळे. आरओचं वाया जाणारं पाणी म्हणजे तुमच्या टाकीच्या पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले. फरशी पुसायला वापरा, चाफ्याला नको. रोज एकच मग घातल्याने पाणी तळातून कधी बाहेर पडत नाही. पाणी उडून जातं, क्षार तिथेच साठतात.

तीन गोष्टी तपासून सांगा:

१. कुंडीच्या कडेची चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे.

२. टाकीच्या आणि आरओच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. फिल्टरवाल्याकडे मीटर असतोच.

३. दोन लिटर पाणी एकदम ओता आणि तळातून किती वेळाने बाहेर येतं ते बघा. त्या भोकाशी नाक नेऊन वास घ्या. गटारासारखा वास आला तर मुळं कुजतायत.

कुडाळचा_कलमवाला

वरचं सगळं मान्य. पण लावणीतच दोन घोळ दिसतायत, त्याबद्दल.

पहिला घोळ दोन मातींचा. आत पिशवीतला लाल गड्डा आणि बाहेर काळी माती, अशी कुंडी फसवी असते. काळी माती वाळली की आकसते आणि गड्ड्याभोवती फट पडते. पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं किंवा काळ्या मातीतच थांबतं. बाहेरून बोट घालून पाहिलं तर ओल लागते, आतला गड्डा मात्र कोरडा ठणठणीत. मुळं आत आहेत. कळ्या गळण्याचं अर्धं कारण मला इथेच दिसतंय. एखादी जाड सुई किंवा छत्रीची काडी खोडापासून तीन बोटं अंतरावर सहा इंच आत घालून काढा. कोरडी निघाली तर समजा.

दुसरं म्हणजे कलमाचा सांधा. बुंध्यापाशी खोड जिथे जरा जाड आणि वाकडं दिसतं, खाली-वर सालीचा पोत वेगळा असतो, तो सांधा मातीच्या वर किमान तीन-चार इंच हवा. तो मातीत गाडला गेला की तिथली साल ओलीने सडते. सांध्याला कलम बांधतानाची प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल तर ब्लेडने उभी चीर देऊन काढून टाका. बऱ्याच नर्सऱ्या ती तशीच ठेवून विकतात. खोड जाड व्हायला लागलं की पट्टी रुतते, वरचा भाग खुरटतो आणि एके दिवशी वाऱ्याने तिथूनच मोडतो.

सांध्याच्या खालून फूट आली असेल तर ती बियांच्या खुंटाची आहे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याची. खुंटाची फूट जोमदार असते, तिची पानं मोठी दिसतात आणि लोक खूश होतात. तिला वाढू दिलं तर कलम मागे पडून मरतं आणि उरतं बियांचं झाड, ज्याला फुलं यायला सात-आठ वर्षं सहज लागतात. दिसताक्षणी बोटाने मोडा. कात्रीने बुडखा ठेवून कापलीत तर पुन्हा दोन फुटतील.

कुंडी बदलायला मी जूनचा पहिला पंधरवडा सांगेन. चाफ्याची मुळं मांसल आणि ठिसूळ असतात, तंतुमुळं कमी. एकदा दुखावली की झाड महिना-दीड महिना गप्प बसतं. हवा दमट असेल तर ते निभावतं. तुमच्याकडे मार्चपासून कोरडा वारा सुरू होईल.

हिरवी_गच्ची

एवढं करायची गरज नाही हो. चाफ्याला हिवाळ्यात पाणी बंद करायचं, पानं झडू द्यायची, मार्चमध्ये फांद्या निम्म्या कापायच्या. मे महिन्यात फुलांचे गुच्छ येतात. चाफा म्हणजे कमीत कमी पाणी.

कुडाळचा_कलमवाला

@हिरवी_गच्ची, तुम्ही सांगताय तो देवचाफा: जाड फांद्या, तोडल्यावर पांढरा चीक, हिवाळ्यात निष्पर्ण. त्याला हिवाळ्यात पाणी तोडलेलं चालतं. सोनचाफा सदाहरित आहे, त्याला पानगळीची विश्रांती नसते. त्याचं पाणी बंद केलंत तर कळ्या जातील, पाठोपाठ शेंडे वाळतील. गच्चीकर, नेटवर "चाफ्याची काळजी" म्हणून जे सापडतं त्यातलं निम्मं देवचाफ्याचं असतं. आधी फोटोतलं झाड बघून मग वाचा.

गच्चीकर

सगळ्यांचे आभार. तपासून आलो.

माती चांगलीच फसफसली. टीडीएस टाकीचा ७८०, आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचा ११५०. पिण्याच्या नळाला महापालिकेचं पाणी सकाळी येतं, त्याचा १२० च्या आत. ओतलेलं पाणी तळातून यायला पंचवीस मिनिटं लागली आणि आलं तेही थोडंसंच. वास नाही. काडी कडेला ओली, खोडाजवळ पूर्ण कोरडी.

वरची माती उकरल्यावर सांधा दोन इंच खाली सापडला, पट्टीसकट! खालून फूट मात्र नाही.

मातीत गंधक मिसळून पीएच खाली आणता येईल असं वाचलं. ते करू का? आणि कुंडी बदलण्याचं नक्की काय ठरवायचं?

माती_पाणी

गंधक इथे नको. मोकळा चुना नसलेल्या मातीत गंधक हळूहळू, दोन-तीन महिन्यांत पीएच उतरवतं. तुमची माती फसफसतेय, म्हणजे गंधकापासून तयार होणारं आम्ल आधी सगळा चुना विरघळवण्यात खर्च होणार. तो संपेपर्यंत पीएच जागचा हलत नाही. त्या मातीशी झगडण्यापेक्षा ती काढून टाकणं स्वस्त.

म्हणून जूनपर्यंत थांबायला माझा विरोध. निचरा चांगला असता तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट, म्हणजे ४५-५० लिटर गोडं पाणी तीन-चार तासांत थोडं थोडं सोडून क्षार धुऊन काढा असं सांगितलं असतं. पंचवीस मिनिटांनी थेंब पडणाऱ्या कुंडीत ते केलंत तर मुळं गुदमरतील. धुता येत नाही, सांधा गाडलेला आहे आणि आतला गड्डा कोरडा. असं झाड पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये काढणं अवघड आहे. आत्ता थंडी ओसरलीय आणि कडक उन्हाला पाच-सहा आठवडे आहेत. मुळांना नव्या मातीत शिरायला तेवढे पुरतात.

कुडाळचा_कलमवाला

माती फसफसतेय म्हटल्यावर मीही आत्ताच म्हणतो. अट एकच, लाल गड्डा फोडायचा नाही. आणि महिनाभर सावलीची जाळी. पद्धत सांगतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी गड्डा भिजवा. वरून ओतून तो भिजणार नाही. तळाला बारीक भोक पाडलेली एक लिटरची बाटली खोडाजवळ मातीत रोवून ठेवा आणि रात्रभर पाणी झिरपू द्या. कोरडा गड्डा उचलताना ढासळतो, मुळं तुटतात.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर कुंडी आडवी करा. झाड खोडाला धरून ओढायचं नाही, तुमच्या सांध्याला तर मुळीच हिसका बसता कामा नये. प्लॅस्टिकची कुंडी आहे, सरळ कापा. बाहेरची काळी माती बोटांनी आणि पाण्याच्या बारीक धारेने सोडवा. लाल गड्ड्यापाशी थांबा. गड्ड्याच्या तळाशी मुळांची गोल वेटोळी असतील तर तेवढीच धारदार कात्रीने कापा. निरोगी मूळ हस्तिदंती रंगाचं आणि टणक लागतं. काळपट, दाबल्यावर साल निसटणारं मूळ सापडलं तर पांढऱ्या भागापर्यंत छाटा.

कुंडी १८ इंची घ्या, थेट २४ इंचीवर जाऊ नका. मुळं पोहोचलेली नाहीत अशी भरपूर माती ओलीच राहते आणि आंबते. तळाला पाच-सहा भोकं हवीत. भोकांवर कौलाचे किंवा फुटक्या कुंडीचे तुकडे पालथे. बांधकामावरचे विटांचे तुकडे नकोत, त्यांना चिकटलेलं सिमेंट म्हणजे पुन्हा चुनाच.

मिश्रण साधारण ४५ लिटरसाठी: चाळलेली लाल माती २० लिटर, मुरलेलं गांडूळखत किंवा पानांचं कंपोस्ट १० लिटर, दोनदा धुतलेलं कोकोपीट ८ लिटर, जाड धुतलेली वाळू ७ लिटर, निंबोळी पेंड २०० ग्रॅम. कोकोपीट धुवायचं ते त्यातल्या मिठासाठी. समुद्राची वाळू कोणी देत असेल तर घेऊ नका, शिंपल्यांचा चुरा असतो. लाल माती विकत घेतानाही व्हिनेगरची परीक्षा करा. नावाला लाल असते, आत चुनखडीचे खडे सापडतात.

गड्डा असा बसवा की त्याचा मूळचा वरचा पृष्ठभाग नव्या मातीच्या पातळीला येईल आणि सांधा उघडा राहील. गड्ड्यावर पूर्वी वाढीव माती चढवलेली असेल तर ती आधी खरवडून काढा. पट्टी आत्ताच काढून टाका. माती भोवतीने हाताने दाबा, पायाने किंवा काठीने ठेचू नका. बांबू आधीच रोवा, नंतर रोवाल तर मुळांतून जाईल. सांध्याच्या खाली एक आणि वर एक अशा दोन सैल गाठी. चौथ्या मजल्यावरचा वारा कलमाला हलवत राहिला तर नवी मुळं तुटत राहतात.

लगेच चार-पाच लिटर पाणी, तळातून वाहेपर्यंत. त्यानंतर चार आठवडे दाणेदार किंवा विद्राव्य खत काहीही नाही.

माती_पाणी

आता लोह आणि पाणी.

लोह चिलेटच्या रूपात घ्या, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं, मातीत न अडकणारं लोह; पण पाकिटावर नाव वाचून. ईडीटीए आणि ईडीडीएचए असे दोन प्रकार सहज मिळतात. ईडीटीए पीएच साडेसहाच्या वर मातीत टिकत नाही, ते फवारणीसाठी ठीक. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए, लोह ६ टक्के. ते ९ पीएचपर्यंतही तग धरतं. महाग आहे, पण लागतं थोडं: १८ इंची कुंडीला ५ ग्रॅम दोन लिटर पाण्यात, संध्याकाळी, ओल्या मातीत, आणि पाठोपाठ एक लिटर साधं पाणी. सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा. रंग गडद लाल असतो, फरशीवर डाग पडतात, खाली ताट ठेवा.

कुंडी बदलल्यावर दहा-बारा दिवसांनी पहिली मात्रा द्या. चार आठवडे खत नाही या नियमात ही बसत नाही, कारण हिने मुळं भाजत नाहीत.

घरात उरलेल्या हिराकसाची फवारणी करता येईल. ३ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड एक लिटर नळाच्या पाण्यात, ताजं करून, ऊन गेल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंनी. पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पुरे. हिराकसाचे खडे हिरवट निळे असतील तरच वापरा. तपकिरी पूड झालेली असेल तर ती फेकून द्या. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस बघा, कोवळ्या पालवीवर ठिपके पडू शकतात.

परिणाम बघायचा तो नव्याने येणाऱ्या पानांवर. पिवळी पानं थोडी सुधारतील, जळलेली टोकं कधीच हिरवी होणार नाहीत. टोकं कात्रीने कापत बसू नका, कापलेली कड पुन्हा तपकिरी होते.

पाणी महापालिकेचंच द्या. खडकवासल्याचं पाणी गोडं असतं, तुमचा आकडाही तेच सांगतोय. रोज चार-पाच लिटर बादलीत भरून ठेवणं जमण्यासारखं आहे. बोअरच्या पाण्यात लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड घालून रोज द्यायचा सल्ला मिळेल. तेवढ्यापुरता पीएच उतरतो, पण मातीतले जिवाणू सायट्रेट खाऊन टाकतात आणि अल्कलीपणा परत येतो. फवारणीच्या पाण्यासाठी ठीक, रोजच्यासाठी नाही. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हळीखाली पिंप ठेवलंत तर उत्तमच, फक्त पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्या.

"रोज एक मग" ही पद्धतही सोडा. वरची दीड-दोन इंच माती सुकली की तळातून निथळेपर्यंत, एकदाच. १८ इंचीला फेब्रुवारीत दोन दिवसांतून एकदा तीन लिटर, एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी तीन ते पाच लिटर, पावसाळ्यात आठवडाभर उघडीप मिळाली तरच. ताटात साचलेलं पाणी ओतून द्या. मातीवर दोन इंच वाळका पाला, खोडापासून चार बोटं दूर.

कुंडी बदलल्यानंतरचा महिना जाळीचाच; एरवी नऊ ते चार ऊन फेब्रुवारीत चालतं. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत बारानंतर ५० टक्क्यांची हिरवी जाळी. पश्चिमेची भिंत असेल तर कुंडी तिच्यापासून दोन फूट पुढे घ्या, संध्याकाळी ती भट्टीसारखी तापलेली असते.

वसईची_वाडी

मुळांचं झालं, आता फुलांचं. वाडीतली पद्धत कुंडीला जशीच्या तशी लागू होत नाही, पण तत्त्व तेच.

सोनचाफ्याची कळी नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत येते. म्हणजे नवी फूट नाही तर फूल नाही. एकच उंच शेंडा वाढत राहिला तर फुलंही तिथेच, शिडी लावून काढायची. नवी फांदी सात-आठ पानांची झाली की शेंडा दोन बोटांनी खुडा, खालून दोन-तीन फांद्या येतील. कुंडीतलं झाड पाच फुटांवर ठेवा आणि बुंध्याचा पहिला फूटभर भाग मोकळा. मोठी छाटणी मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, तीही एक तृतीयांशाहून जास्त नाही. बोटाएवढ्या जाड कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप. ऐन थंडीत कात्री लावू नका, काप भरत नाही आणि फांदी खालपर्यंत वाळत येते.

तुमचं झाड आजारी आहे आणि कुंडी बदलणार आहात, म्हणून यंदा छाटणी नाहीच. फक्त शेंडे खुडा, तेही नवी हिरवी पानं दिसल्यावर.

कळ्या गळण्याची पाण्याव्यतिरिक्तची कारणं: कुंडी इकडून तिकडे हलवणं, कळ्या असताना युरिया किंवा कच्चं शेणखत, आणि फुलकिडे. शेवटचं तपासायला पांढऱ्या कागदावर कळीची फांदी टिचकी मारून झटका. रेघेएवढे बारीक पिवळट किडे पळताना दिसले तर १०,००० पीपीएमचं निंबोळी औषध ३ मिली आणि भांड्याचा सौम्य साबण १ मिली एक लिटरमध्ये, आठ दिवसांनी पुन्हा. फवारणी संध्याकाळी.

खोडावर आणि पानांच्या शिरेलगत तपकिरी खवले दिसतात का तेही बघा. नखाने खरवडले की निघतात. ही खवले कीड चाफ्याची कायमची सोबतीण. ती गोड चिकटा सोडते, त्यावर काळी बुरशी धरते आणि मुंग्या येतात. मुंग्या वरखाली करताना दिसल्या की फांद्या तपासायच्या, हा सोपा इशारा. थोडी असेल तर जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी, जास्त असेल तर वरचंच औषध. हिरवी अळी पान खाताना सापडली तर सोडून द्या. काळ्यावर पोपटी ठिपक्यांचं फुलपाखरू होणार आहे, चार पानांनी झाडाचं काही जात नाही.

खत कुंडी बदलून महिना झाल्यावर: गांडूळखत अर्धा किलो दर दीड महिन्याने, मातीत हलकं मिसळून. शिवाय महिन्याला ५ ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि ३ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश तीन लिटर पाण्यातून, ओल्या मातीत. अमोनियम सल्फेटने मुळांजवळची माती थोडी आम्लाकडे सरकते, इथे तेच हवंय. लाल पोटॅश, म्हणजे म्युरेट, वापरू नका. त्यातल्या क्लोराईडने टोकं आणखी जळतात. नोव्हेंबर ते जानेवारी रासायनिक खत बंद.

आणि फूल झाडावर वाळू देऊ नका. राहिलं तर फळांचा घोस धरतो, झाडाची ताकद बियांत जाते आणि पुढचा बहर हलका येतो. दिसला की देठातून कापा. फूल काढायची वेळ पहाटेची, पाकळ्या सुटायला लागल्यात पण पसरल्या नाहीत अशा अवस्थेत. ऊन चढल्यावर उमललेलं फूल दुपारपर्यंत तपकिरी होतं. देठ नखाने कापून घ्या, ओढलं तर सालीची पट्टी निघते आणि बगलेतली जागा जखमी होते.

गच्चीकर

आता चित्र स्पष्ट झालं. शेवटच्या दोन शंका. सध्या झाडावर दहा-बारा कळ्या आहेत, त्या ठेवू की काढू? आणि कुंडी बदलल्यावर पानं मलूल झाली तर लगेच काय करायचं?

कुडाळचा_कलमवाला

कळ्या सगळ्या काढा. गळणारच आहेत, आणि नवी मुळं धरायच्या काळात झाडावर भार नको. मेपर्यंत येतील त्याही मटाराएवढ्या व्हायच्या आत खुडा. जूनपासूनच्या ठेवा. पाऊस लागल्यावर नवी फूट हिरवीगार आली तर श्रावणात फुलं मिळायला हरकत नाही, यंदा मोजकीच मिळतील एवढंच.

मलूल होण्याबद्दल: पहिले आठ-दहा दिवस दुपारी पानं थोडी लवली आणि संध्याकाळी सावरली तर काही करू नका. पाणी वाढवलंत तर नुकसान. सकाळीही पानं खाली असतील तर आधी काडी घालून ओल बघा. कोरडी निघाली तर पाणी द्या. ओली असूनही लवलेली असतील तर कुंडी पूर्ण सावलीत घ्या, पाणी थांबवा, आणि खालची मोठी पानं निम्मी कापून टाका म्हणजे बाष्प कमी जाईल.

माती_पाणी

ओली असूनही लवली आणि तळातून वास आला, तरच बुरशीनाशक: कॉपर ऑक्सिक्लोराईड अडीच ग्रॅम प्रतिलिटर, दोन लिटर मातीत, एकदाच. त्यासोबत ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी देऊ नका, तांब्याने तीही मरते. द्यायचीच असेल तर वीस दिवसांनी, ५० ग्रॅम पूड अर्धा किलो ओलसर गांडूळखतात मिसळून. वास नसेल तर दोन्हींची गरज नाही.

आणि जुनी काळी माती टाकू नका. सदाफुली, झेंडू, कण्हेर यांना ती चालते.